रिकाम्या पोटाची गोधडी

१

भारतीला वाटलं होतं, गावी गेल्यावर आधी बायकांच्या मनातली भीती घालवावी लागेल. मिशिगनहून परतताना विमानात तिने मनातल्या मनात भाषणसुद्धा जुळवून ठेवलं होतं. ही फसवणूक नाही, तुमच्या हातांची किंमत जगाला कळू द्या, वगैरे. 'लिलाव' हा शब्द तर ती शक्यतो टाळणारच होती. लिलाव म्हटलं की जप्ती आठवते, दारात ओढून काढलेली भांडी आठवतात, आणि बायका उठून घरी जातात, असा तिचा अंदाज होता.

झालं ते निराळंच. ओट्यावर जमलेल्या बायकांपुढे शेवटी तो शब्द तिच्या तोंडून निघालाच, आणि मनकर्णाआत्या चटकन म्हणाली, "म्हंजी बाजार समितीत कांद्याचा व्हतो तसा?"

"तसाच, आत्या. फक्त बोली कॉम्प्युटरवर लावतात. अमेरिकेत घरी बसून."

"आन् दलाल कोन?"

"दलाल नाही. साइटवाले थोडी आडत घेतात."

"हमाली? तोलाई? पायलीमागं मूठ?"

"काही नाही."

आत्याचं निम्मं आयुष्य शेवगावच्या मार्केटात कांदा निवडण्यात गेलं होतं. तिने मिश्रीचं बोट दातांवरून फिरवलं, चूळ भरली आणि म्हणाली, "मंग इतके दिस तिकडं झोपा काढीत व्हतीस का गं, भारते?"

ओटा हसून हसून लोळला. भाषण भारतीच्या घशातच राहिलं. पण तिला वाईट वाटलं नाही, उलट छाती भरून आली. हीच माझी माणसं, असं तिच्या मनात आलं. तिकडे होस्टेलच्या खोलीत बसून तिची खोलीतली जोडीदारीण जुन्या बरण्या, जुनी खेळणी साइटवर विकून वरखर्च भागवायची. एकदा तिने एका जुन्या गोधडीवर लागलेली बोली दाखवली, तेव्हा भारतीने पडद्याला नाक लावून टाके पाहिले होते. लांब, ढिले टाके. आपल्या आईचा टाका याच्या निम्मासुद्धा नसतो, एवढंच तिला त्या क्षणी कळलं, आणि परत कशासाठी जायचं हेही.

२

आई, म्हणजे विमलबाई, वस्तीत गोधडीसाठी नावाजलेली. जुनी लुगडी, धोतरं, लेकरांची झबली, सगळं एकावर एक अंथरून ती जमिनीवर बसून शिवायची. शिवताना पुढे पुढे सरकत जायची, त्यामुळे शिवलेला भाग कायम तिच्या मांडीखाली असायचा. गोधडी पुरी होत आली की चौथा कोपरा तेवढा उघडा ठेवायचा. त्यात चिमूटभर ज्वारी टाकायची, मग कोपरा बंद करायचा. याला म्हणायचं गोधडीचं पोट भरणं.

नगरच्या मोठ्या पोस्टात चौकशी केली तेव्हा पार्सलच्या खिडकीतल्या माणसाने स्पष्ट सांगितलं, धान्य, बी-बियाणं परदेशात जाणार नाही. तिकडच्या कस्टमला सापडलं तर पार्सल जाळून टाकतील.

"मग काढून टाकू," भारती घरी येऊन म्हणाली.

आईची सुई थांबली. "पोट काढायचं?"

"ज्वारी काढायची, आई. काय बिघडतं त्यानं?"

"बिघडतं काय कुनाला ठावं. रिकाम्या पोटी घराबाहेर धाडू न्हाई म्हनत्यात."

"कोण म्हणतं? का म्हणतं?"

"माजी आई म्हनायची. ह्यात देव न्हाई, धरम न्हाई. देव तर तुज्या आज्यानं छप्पन सालीच गोदावरीत सोडलं. ही नुस्ती शिवनाची रीत हाय."

"जिचं कारण सांगता येत नाही ती रीत सोडायची, हेच शिकलो ना आपण? अण्णा असते तर त्यांनी स्वतः उसवली असती."

अण्णा म्हणजे भारतीचे वडील, प्राथमिक शाळेत मास्तर. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण घरात वाद मिटवायला अजून त्यांचंच नाव लागायचं. आईने सुई पुन्हा कापडात घातली. ओट्यावरून ऐकणारी मनकर्णाआत्या मात्र खिदळली. "उसव गं. तिकडं लई खायला हाय म्हनत्यात. जाईल तिकडं, खाईल पोटभर."

भारतीने ब्लेडने एकेका गोधडीचा तो कोपरा उसवला, ज्वारी परातीत झटकली, कोपरा पुन्हा शिवला. तिचा टाका आईइतका बारीक नव्हता, पण कोपऱ्यात कोण बघतंय? परात तिने कोंबड्यांपुढे रिकामी केली. बरं वाटलं. अण्णांचं एखादं राहून गेलेलं काम हातावेगळं केल्यासारखं.

३

इंटरनेट तेव्हा तालुक्याच्या शेवगावातही नव्हतं. त्यासाठी एसटीने नगरला जायचं, आणि तिथून रिक्षाने सावेडीत रविराजच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये. रविराज हा भारतीपेक्षा थोडा लहान, चष्मेवाला, तोंडाने फटकळ पोरगा. लाइन लागेपर्यंत तो मोडेमच्या किरकिरीची नक्कल करायचा. पण भारतीने आणलेले गोधड्यांचे फोटो स्कॅन करून साइटवर चढवायचं काम त्याच्याइतकं मन लावून कोणी केलं नसतं.

पहिली गोधडी मार्गारेट नावाच्या एका म्हाताऱ्या बाईने घेतली. साइटवर गिऱ्हाइकाने विकणाऱ्याबद्दल शेरा लिहायची पद्धत होती, आणि सगळा धंदा त्या शेऱ्यांवर चालायचा. मार्गारेटचा शेरा आला तेव्हा रविराजने टाळ्या वाजवल्या. 'अप्रतिम काम. विलक्षण ऊबदार.' दुसरीचाही तसाच. 'सुंदर, वजनदार, ऊबदार.' तिसऱ्या बाईने तर लिहिलं होतं, इतकी जिवंत वस्तू माझ्या घरात दुसरी नाही.

भारती ते कागद छापून घरी आणायची आणि ओट्यावर उभी राहून मराठीत वाचून दाखवायची. बायका सुया थांबवून ऐकायच्या. ज्यांच्या हातचं पाणी कधीकाळी कुणी घेत नव्हतं, त्यांच्या हातची गोधडी आता लोक बोली लावून अंगावर घेत होते. हे वाक्य तिने एकदा मोठ्याने म्हटलं, आणि आईने पदर डोळ्यांना लावला.

मग मार्गारेटची लांबलचक मेल आली. भारतीने तीही वाचून दाखवली. "ती म्हणते, गोधडी मी पाहुण्यांच्या खोलीतल्या पलंगावर अंथरली आहे. रोज सकाळी पडदे उघडायला जाते तेव्हा तिच्यावरून हात फिरवते. दर वेळी गरम लागते. जणू कुणी आत्ताच उठून गेलंय."

"वा!" भारती स्वतःच म्हणाली. "बघा, कशी लिहिते."

आई दोरा ओवत होती. "तिच्या घरी कोन कोन हाय?"

"कोणी नाही. एकटी राहते. आधीच्या मेलमध्ये लिहिलं होतं."

"मंग उठून कोन गेलं?"

मग मनकर्णाआत्याने डोळे मिचकावले. "असंल येखादा! म्हातारी झाली म्हून काय झालं?" बायकांना हसू फुटलं. भारतीही हसली. पण कागदाची घडी घालताना तिने ते वाक्य पुन्हा इंग्रजीत वाचलं. आपण भाषांतरात काही जास्तीचं घातलं का, हे बघायला. घातलं नव्हतं.

४

नव्या गोधड्यांचे फोटो घेऊन ती सावेडीला गेली त्या दिवशी रविराज पडद्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, एक सांगू? फोटो काढायच्या आधी झोपलेल्या माणसाला उठवायचं तरी."

"कुठल्या?"

"हे काय." त्याने बोट ठेवलं. हिरव्या-लाल चौकडीची मोठी गोधडी, वरून काढलेला फोटो. मधोमध एक लांबट उंचवटा. एका टोकाला गोल, मग रुंद, मग निमुळता. "कुशीवर झोपलंय कुणीतरी. डोक्यावरून घेऊन. आमची आजी अशीच झोपते."

"खाटेला झोळ आला असेल."

"झोळ खाली जातो, मॅडम. हे वर आलंय."

"मग हवा शिरली असेल खालून."

"असेल बुवा," रविराज म्हणाला. "तुम्ही अमेरिकेत शिकलात. दुसरा फोटो टाकू?"

दुसऱ्या फोटोत गोधडी सपाट होती. तो त्याने चढवला.

परतीच्या एसटीत खिडकीशी बसून भारतीने त्या उंचवट्याला बरीच कारणं शोधली. खालची सुरकुती, सावली, लेन्सचा दोष. एकेक कारण ती नीट तपासत होती, जसं तिला शिकवलं गेलं होतं. तिसगावच्या आसपास तिला आठवलं की फोटो खाटेवर काढलाच नव्हता. उजेड चांगला यावा म्हणून तिने स्वतः गोधडी मागच्या खोलीत फरशीवर अंथरली होती. चारी कोपरे हाताने ताणून, आणि दार लावून घेऊन. आतून कडी.

ती सुरकुतीच असणार, असं तिने ठरवलं, आणि बाहेरची ज्वारीची धसकटं बघत राहिली.

५

आईने दुपटं शिवलंय हे भारतीला आधी कळलंच नाही. आईने ते एका दुपारी तिच्या मांडीवर आणून ठेवलं. लहान मुलाचं, हातभर रुंद, पांढरं. टाके इतके बारीक की कापड आणि शिवण वेगळं दिसत नव्हतं.

"हे लुगडं कुणाचं?"

"माज्या आईचं. नागपूरला दीक्षा घ्याया गेली तवा नेसली व्हती. त्या दिसापुरतं कुनाचं तरी मागून आनलं, आन् मंग त्या बाईनं परत घेतलंच न्हाई."

"हे नाही विकायचं, आई."

"इकायचंच. पेटीत ठिवून काय कसर लावू? तिकडच्या येखाद्या लेकराच्या अंगाखाली जाऊ दे. माज्या आईला काय वाटंल, सांग बरं?"

भारतीने साइटवर त्या लुगड्याची सगळी हकिकत लिहिली. इतक्या अभिमानाने तिने आयुष्यात काही लिहिलं नव्हतं. बोली चढत गेली. रविराज खुर्चीवरून उठून उभा राहिला. शेवटी एलन नावाच्या बाईने दुपटं घेतलं. तिला पहिलं मूल होणार होतं, दिवस भरत आले होते. तिने लिहिलं, बाळ घरी आलं की पहिल्या रात्रीपासून याच्यावरच निजवणार. शिवाय तिच्या बहिणीचं दुकान होतं. दुपटं वेळेवर आणि ठीक पोचलं तर बहीण वस्तीतल्या सगळ्या बायकांना वर्षभर पुरेल इतकं काम देणार होती.

घरी येऊन भारतीने कोपरा चाचपला. आत खडबडीत काहीतरी लागलं. आईने पोट भरलंच होतं. भारतीने मायेने हसून कोपरा उसवला, दाणे काढले. मग सवयीने आत बोट घालून एखादा दाणा राहिलाय का ते पाहिलं.

आत गरम होतं.

मे महिना. पत्रा तापलेला. गरम असणारच. तिने दुपटं नेऊन माठाच्या तिवईखाली, ओल्या फरशीवर ठेवलं, वर पाण्याचा हबका मारलेलं पोतं टाकलं, आणि स्वयंपाकाला लागली. भाकरी झाल्यावर पोतं उचललं. पोतं गार. फरशी गार. दुपट्याच्या कडा गार. मधे मात्र, तळहात मावेल एवढ्या जागेत, ऊब. टाळू चाचपावी तशी.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी आई आणि सगळ्या बायका बुद्धविहारात लग्नाला गेल्या. भारती पार्सल शिवायला म्हणून मागे राहिली. पोस्टाला मांजरपाटात शिवलेलं, लाखेचे शिक्के मारलेलं पार्सल लागतं. दुपट्याचा उसवलेला कोपराही अजून बंद करायचा होता.

घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत ती भिंतीला टेकून बसलेली. समोर बाबासाहेबांचा फोटो, शेजारी अण्णांचा. मागच्या खोलीत शिवून तयार, ज्वारी काढलेल्या गोधड्यांची चळत. लांबून लग्नाचा लाउडस्पीकर ऐकू येत होता. तो मधेच बंद पडला. वीज गेली असावी. मग फार शांत झालं.

तिने सुईत दोरा ओवला, गाठ मारली, कोपऱ्यात पहिला टाका घातला. तेवढ्यात मागच्या खोलीत कापडावर कापड सरकल्यासारखा आवाज झाला. झोपेत कुणी कूस बदलावी, तसा. घूस असेल, असं म्हणून तिने मान वळवली. उघड्या दारातून चळत दिसत होती. सगळ्यात वरची गोधडी अर्धवट उलगडून जमिनीपर्यंत लोंबत होती. तिने तर सकाळी घडी घातली होती. घडी सुटते कधीकधी. जाड गोधडी, नवा दोरा, सुटते.

तिच्या बोटांना काहीतरी जाणवलं.

दोऱ्याचं सुटं टोक फरशीवर पडलं होतं. ते पुढे सरकत होतं. तिने हात हलवला नव्हता. सुईतला दोरा तसाच होता, पण गाठीपलीकडची लांब शेपटी हळूहळू दुपट्याच्या उघड्या कोपऱ्याकडे चालली होती. आणि आत जात होती. थोडी गेली, थांबली. पुन्हा थोडी गेली, थांबली. त्या थांबण्याला लय होती. ती लय भारतीला ओळखीची वाटली, आणि कुठली ते आठवेना. मग आठवलं. चुलतभावाची बायको तान्ह्याला पाजायला घेते, तेव्हा पोर असंच करतं. ओढतं, दम खातं, पुन्हा ओढतं.

भारतीने दोरा चिमटीत धरला.

आतून ओढ आली. जोराची नव्हती. इवल्याशा बोटांनी पदर धरून ठेवावा, तेवढीच. तिने सोडलं नाही. कारण शोधायचं होतं ना. कारण शोधल्याशिवाय ती सोडणार नव्हती. ती कोपऱ्यावर वाकली. उसवलेली कड जराशी उघडली, मिटली, उघडली. आत काळोख होता, आणि त्या काळोखात ओलसर, फिकट असं काहीतरी क्षणभर चमकलं. तेवढ्यात मागच्या खोलीतून मोठ्या माणसाच्या लांब श्वासासारखा आवाज आला. एक, आणि त्यामागून कितीतरी. सगळी चळत एकदम वर उचलल्यासारखी झाली आणि खाली बसली.

दोरा ढिला पडला.

दारात आई उभी होती. लग्नातल्या फुलांच्या पाकळ्या केसांत. "काय झालं गं? अशी का बसलीस घामाघूम?"

"काही नाही. वीज गेली ना."

"शिवलं न्हाईस व्हय अजून?" आई जवळ येऊन बसली, दुपटं उचलून मांडीवर घेतलं. डोळे भरून त्याच्याकडे बघत राहिली. "माज्या आईचं लुगडं इमानात बसनार. कुनाला खरं वाटंल?" मग ती लग्नातल्या जेवणाचं सांगू लागली, नवरीच्या मामाने काय गोंधळ घातला ते सांगू लागली. सांगताना तिचा उजवा हात दुपट्यावर आपोआप पडत होता, उठत होता. ती थोपटत होती. तिच्या ते लक्षातसुद्धा नव्हतं.

भारती त्या हाताकडे बघत राहिली. एवढ्यात थांबवायला नको, असं तिला वाटलं. का, ते तिला सांगता आलं नसतं.

७

सकाळी आई लवकर उठून ठेवणीतलं पातळ नेसली. आपलं दुपटं पोस्टात जाताना तिला डोळ्यांनी बघायचं होतं. मनकर्णाआत्याही तयार होऊन ओट्यावर आली. "चल गं, येष्टी जाईल. मला बी बघू दे अमेरिकेचं पोस्ट."

"आत्या, आज जायचं नाही," भारती म्हणाली. "दुपटं पाठवायचं नाही."

"का गं?" आई म्हणाली.

रात्रभर भारतीने या 'का'ची उत्तरं जुळवली होती. पोस्टाचा संप, कापड पिवळं पडायची भीती, काहीतरी. एलन वाईट शेरा देणार होती, तो सगळ्यांना दिसणार होता. बहिणीचं दुकान हातचं जाणार होतं. ओट्यावरच्या सगळ्या बायकांचं तोंडाशी आलेलं काम जाणार होतं, आणि तेही तिच्याच हाताने. यातलं एकही नुकसान खोट्या उत्तराने झाकण्यासारखं नव्हतं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

परत आल्यापासून हे शब्द तिने पहिल्यांदाच उच्चारले असतील. तिला वाटलं होतं लाज वाटेल. वाटली नाही. ती ताठ उभी होती.

"जे मला माहीत नाही ते मी दुसऱ्याच्या लेकराखाली अंथरणार नाही. एलनला लिहिते, चूक माझी. आणि मार्गारेटला, बाकीच्यांना सगळ्यांना लिहिते. गोधड्या परत पाठवा, खर्च माझा. माझी शिष्यवृत्तीची शिल्लक आहे त्यात भागेल. तेवढ्यासाठी मी एकटी जाते सावेडीला."

मनकर्णाआत्याने तोंड उघडलं. चेष्टा करणार असं वाटलं. पण तिची नजर भारतीच्या खांद्यावरून मागच्या खोलीच्या दाराकडे गेली, आणि तिने तोंड मिटलं. "येते मी," म्हणून ती ओट्यावरून उतरली, आणि मागे न बघता चालू लागली.

ठेवणीतल्या पातळाच्या निऱ्या आईने दोनदा उगाचच सारख्या केल्या. मग हळूच विचारलं, "परत आल्यावर ठिवायच्या कुठं?"

"इथंच. घरात."

"समद्या?"

"सगळ्या. आपल्या हातच्या आहेत, आई," भारती म्हणाली. "दुसऱ्या कुणी का सांभाळायच्या?"